कूलरचं दार

कौसल्याबाईंची आणि माझी ओळख भिंतीवरची. अलीकडे मी, पलीकडे त्या, आणि मधल्या कंपाउंडच्या भिंतीवर दोघांच्या चहाच्या कपांचे गोल डाग. नागपुरात धंतोलीच्या मागच्या आमच्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, असा माझा लौकिक आहे. पलीकडच्या बंगल्यातलं मात्र आवाजावरून कळायचं. तिथे एका संस्थेचं मुलींचं बालगृह होतं आणि कौसल्याबाई तिथल्या काळजीवाहक. हा शब्द कागदोपत्री. मुली त्यांना मोठी आई म्हणत.

बाई मूळच्या उमरेडकडच्या. आधी एका दवाखान्यात आयाचं काम केलं, मग इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. रोज सकाळी पायरीवर वेण्यांचा कारखाना चाले. मोठीच्या पुढे धाकटी, धाकटीच्या पुढे तिच्याहून धाकटी, सगळ्या एकमेकींचे केस ओढतायत आणि बाई मागून फणीला शिव्या घालतायत. मुलींना ओरडायचं असलं तरी त्या फणीलाच ओरडत. सगळ्यात पुढे बसायची नूपुर, कारण तिच्यापेक्षा लहान कोणी नव्हतं. चालताही येत नव्हतं तेव्हापासून ती बाईंच्या कडेवर होती. आता पहिलीत गेली होती आणि मला बिनदिक्कत "भैय्याजी, तुम्ही कालचाच शर्ट घातला" म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात अग्निशमनवाले साहेब तपासणीला आले. सज्जन माणूस. सगळं घर फिरले, मुलींच्या झोपायच्या खोलीला मागून एक दार आहे हे पाहून खूश झाले. त्यावर बाणाची हिरवी पाटी लावायला सांगितली. मुलींना ओळीत बसवून शिकवलं, की धूर दिसला तर काही उचलायचं नाही, लपायचं नाही, वाकून चालायचं आणि या खोलीत असाल तर सरळ मागच्या दारानं अंगणात. मग सराव झाला. मी भिंतीवरून पाहत होतो. बाकीच्या मुली खिदळत बाहेर आल्या. नूपुर एकटी तोंडाला फ्रॉक लावून, पार कमरेत वाकून, गंभीर चेहऱ्यानं आली. साहेबांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

जाताना ते म्हणाले, "बाई, हे दार बाराही महिने मोकळं पाहिजे."

"हो साहेब," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी म्हटलं, "कौसल्याबाई, त्या बारा महिन्यांत मे येते का?"

"तुमच्या तोंडाले कुलूप लावा न भैय्याजी," त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी होती, की साहेब आले तेव्हा कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली झोपला होता. होळी झाली की नागपुरात कूलर खाली येतात आणि थेट मृगापर्यंत हलत नाहीत. त्या खोलीच्या खिडक्या लहान, वर पक्क्या जाळ्या. कूलर बसेल अशी जागा एकच, ती म्हणजे मागच्या दाराची चौकट. बाहेर स्टँडवर कूलर, त्याच्या बाजूच्या उभ्या फटीला प्लायवुडची फळी, फळीला खिळे. उन्हाळाभर मुली त्याला 'कूलरचं दार' म्हणत. हिरव्या पाटीवरचा बाण ऐटीत कूलरच्या पंख्याकडे बोट दाखवत राही.

या वर्षीही होळी झाल्यावर तो खाली आला. खिळे ठोकताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "साहेबांना फोन लावू का? विचारतो, बाणाची दिशा बदलायची का म्हणून."

"पोरींच्या पाठी पाहा एकदा," त्या म्हणाल्या. "घामोळ्यांनी सोलून निघते. रातभर खाजवत राहते. साहेबाच्या घरी एसी असन."

खोटं नव्हतं ते. मे महिन्यात त्या पोरी घामोळ्यांची पावडर लावून अशा पांढऱ्या दिसत, जणू मैद्याच्या पिंपातून काढल्यात.

झालं ते भरदुपारी. बाई मोठ्या मुलींना घेऊन गच्चीवर कुरड्या उलटत होत्या. खाली कूलरमधलं पाणी संपलं, पाण्याची मोटार तापली, वायर जळली आणि बाजूच्या वाळलेल्या गवताच्या ताट्यांनी पेट घेतला. पंखा फिरतच होता, त्यानं सगळा धूर खोलीत लोटला. मुली किंचाळत पुढच्या दारानं रस्त्यावर आल्या. मी धावत जाऊन मीटरचं बटन पाडलं. बाई जिन्यावरून उतरल्या, रस्त्यावर उभ्या मुलींवरून एकदा नजर फिरवली आणि आत शिरल्या.

नूपुर मागच्या दाराशी होती. तोंडाला फ्रॉक, कमरेत वाकलेली, आणि दोन्ही हातांनी ती खिळे ठोकलेली फळी ढकलत होती. बाईंनी तिला काखेत मारून बाहेर आणलं. बाईंचा तळवा भाजला. पोरीच्या बोटांना फोड आले आणि घशात धूर गेला. दवाखान्यात शुद्ध नीट आल्यावर ती पहिलं काय बोलली, तर, "मोठी आई, मी तर मागच्याच दाराकडं गेली होती. ते उघडूनच नाही राहिलं."

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिथे फणी नव्हती शिव्या द्यायला.

दोनेक दिवसांनी संस्थेचे गोपाळराव आले. माणूस वाईट नाही, बालगृह वाचवायची धडपड. म्हणाले, "कौसल्याबाई, चौकशीच्या समितीपुढे इतकंच सांगा, की कूलर खिडकीशी होता आणि मुलगी घाबरून भलतीकडे पळाली. सगळं निभावून जाईल. मुलीही इथंच राहतील, नूपुरसुद्धा."

बाईंनी पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो.

"ते भलतीकडं नाही पळाली," त्या म्हणाल्या. "तिले शिकवलं तिकडंच पळाली. उद्या तिले कोणी म्हटलं, तू चुकली, तर पुढच्या वेळी कोणाचं ऐकन ते? दार म्या बंद केलं. तसंच सांगीन."

तसंच सांगितलं. बाईंचं काम गेलं, बालगृहाला कुलूप लागलं, मुली जिथे जागा मिळाली तिथे वाटल्या गेल्या. नूपुर अमरावतीला गेली. गाडीत बसताना तिच्या वेण्या कोणी तरी घाईत घातल्या होत्या, एक वर, एक खाली. बाईंनी हात पुढे केला, पण पट्टीच्या हातानं गाठ सुटेना.

बाई आता गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहतात, डबे करतात. खोलीत कूलर नाही. मी माझा जुना देऊ केला तर म्हणाल्या, "एकच तर दार आहे गा." पूर्वी असं काही बोलून त्या हसत. आता नाही हसल्या.

रविवारी अमरावतीहून फोन येतो. परवा मी तिथेच बसलो होतो, डब्यातली भाजी चाखण्याच्या निमित्तानं. फोनचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं.

"मोठी आई, इथं मागचं दार उघडं राहते. मी रोज पाहून येते. पण लय गरम होते वं. पाठीले घामोळ्या आल्या."

बाईंनी डोळे मिटले.

"होऊ दे बाई गरम," त्या म्हणाल्या. "पावडर लावून मागजो. अन् रोज पाहून येत जाजो."