नाव न घातलेली कळशी

नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासून आहे. गावातले मास्तर मला 'फौजदार' म्हणायचे. बोट खाडीत कलते मग उलटत का नाही, पावाला तो ठरावीक वास कुठून येतो, शेजारची काकी नवऱ्याचं नाव न घेता त्याला हाक कशी मारते, सगळं मला हवं असायचं. त्यामुळे सरांच्या घरातल्या कपाटाबद्दल मीच पहिल्यांदा विचारलं, यात नवल काही नाही.

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. वडील मासेमारीच्या बोटीवर खलाशी, आई मिळेल ते काम करायची. दोन हजार सालच्या आसपास चिपळूणला शाळांच्या कबड्डीच्या स्पर्धा झाल्या, तिथं सरांनी मला खेळताना पाहिलं. सर रत्नागिरीचे. मिरजोळ्याला कारखान्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवायचे. गावोगावच्या चांगल्या खेळणाऱ्या मुली ते स्वतःच्या घरी ठेवून घेत. ते थेट आमच्या अंगणात आले आणि आईला म्हणाले, "मुलगी माझ्याकडे द्या. शाळा तिथंच करील. जिल्ह्याच्या संघात नाही दिसली तर मला विचारा."

जिल्ह्याचा संघ! तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. आईनं वर्षाचा तांदूळ, सुकट आणि आमसुलं द्यायचं कबूल केलं आणि मी रत्नागिरीला गेले.

सरांच्या मागच्या पडवीत आम्ही पाचजणी राहायचो. झाडलोट, पाणी, भांडी आमच्याकडे. "घरच्यासारखं राहायचं हं," असं काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पहिल्याच दिवशी म्हणाल्या. घरच्यासारखं म्हणजे घरच्या कामांसकट, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पण खोटं कशाला बोलू, मी तिथं मजेत होते. सर शिकवायचे फार सुरेख. "समोरचीच्या तोंडाकडं काय बघतेस? तोंड खोटं बोलतं. पाय बघ," असं ते म्हणत. मी पाय बघायला शिकले आणि कोण कुठून झेप घेणार ते आधीच कळायला लागलं. सकाळी एकेक उकडलेलं अंडं मिळायचं. घरी ते सणालासुद्धा नसायचं.

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत गावोगावी स्पर्धा असत. कधी आमचा संघ जायचा, कधी एखाद्या गावाला चढाईसाठी मुलगी कमी पडली की सर आमच्यातली एखादी उसनी द्यायचे. आयोजक सरांच्या हातात पाकीट ठेवायचे. पाकिटात काय असतं हे मी एकदा विचारलं, तर सर म्हणाले, "गाडीभाडं." आम्ही तर एसटीनं सवलतीच्या पासावर जायचो. मग हे कुठल्या गाडीचं भाडं, हा प्रश्न मी पुढं बरेच दिवस जवळ बाळगला.

पाकिटाशिवाय वस्तू असत. पुरुषांच्या स्पर्धेत चांगल्या खेळाडूला सायकल, टीव्ही. बायकांच्या स्पर्धेत मात्र कुकर, डबे, हंडे. पोरीनं मैदानात कितीही जणींना लोळवलं तरी शेवटी तिनं चूल आणि पाणीच बघायचं, असं आयोजकांनी धरूनच ठेवलेलं. मला उत्कृष्ट चढाईसाठी तांब्याची कळशी मिळाली. चांगली जड, तिच्या गळ्याशी ठोक्यांची नक्षी होती. परतताना एसटीत मी ती मांडीवर घेऊन बसले आणि कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट काढू का म्हणून माझी थट्टा केली.

घरी पोचल्यावर काकूंनी कळशी घेतली आणि माजघरातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. प्रत्येकीच्या वस्तूचं तसंच व्हायचं. "तुमच्या लग्नांना होईल गो हे सगळं. मी काय वर घेऊन जाणार आहे?" असं त्या म्हणत. आम्हाला ते खरंच वाटे. आमच्यातली थोरली तर आपला कुकर कुठल्या चुलीवर चढेल याची स्वप्नं बघायची.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. काकू घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेत. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात ते मशीन असतं ना, गुर्रर करत अक्षरं उमटवणारं, तिथं त्यांची कायम फेरी. हंड्यावर नाव, चमच्यावर नाव, चहाच्या गाळण्यालासुद्धा सोडलं नव्हतं. मग कपाटातल्या बक्षिसांवर नाव का नाही? मी विचारलंच.

काकू जराही अडखळल्या नाहीत. "वेडीच आहेस. लग्न झालं की तुझं आडनाव बदलणार ना? मग आत्ता कुठलं घालू?"

उत्तर इतकं बिनतोड होतं की मी ते बाकीच्या मुलींनाही कौतुकानं सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. ताई कॉलेजात होती. माझी इंग्रजीची वही तपासायची, रविवारी डोक्याला तेल लावून द्यायची. मला ती फार आवडायची. लग्नानंतर आठवड्याभरात जिल्हा संघाची निवड होती आणि निवड करणाऱ्यांत सर होते. सरावात ते माझ्याकडं बघून मान हलवायचे. मला वाटायचं, झालंच आता.

लग्नाच्या दिवशी काकूंनी रुखवत मांडायचं काम आम्हा मुलींना दिलं. नवरीबरोबर सासरी जायच्या वस्तू, फराळाची ताटं, विणकाम, सगळं टेबलांवर मांडून पाहुण्यांना दाखवायचं. हॉलच्या कोपऱ्यात खोकी ठेवलेली. थोरलीनं पहिलं खोकं उघडलं आणि ती तशीच थांबली. आत तिचा कुकर होता.

दुसऱ्या खोक्यात माझी कळशी होती. चिंच लावून लख्ख घासलेली. पोटावर ताज्या अक्षरांत नाव घातलेलं, ताईचं, तिच्या नव्या आडनावासकट.

मला आधी राग आला नाही. माझं डोकं असं चमत्कारिक की आधी प्रश्नच आले. दुकानात कधी नेली असेल? आम्ही शाळेत असताना? की इतक्या दिवसांत आमच्यासाठी ठेवायचा विचार एकदा तरी खरा होता आणि मग बदलला? ताईला माहीत असेल? राग आला तो थोरलीकडं पाहून. ती खाली मान घालून कुकरवर शेवंतीचं फूल ठेवत होती. "गप बस," ती मला म्हणाली. "निवड आहे पुढच्या आठवड्यात." मीही कळशी मांडली.

दुपारी आई आली. पहाटे खाडी ओलांडून, चिपळूणला गाडी बदलून. आहेर म्हणून घरातला एकुलता एक नवाकोरा स्टीलचा डबा आणलेला, त्यावर आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे वडिलांचं नाव. सगळ्या बायका करतात तशी तीही रुखवताभोवती फिरली. कळशीपाशी थांबली. हात पदराला पुसून तिनं कळशीच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"काय गो सुरेख हाय. बाय माजे, तुज्या लग्नात अशी येक कळशी मांडता आली ना, तर माजा जीव थंड होयल."

आता मात्र मला राहवलं नाही. "ती माझीच आहे, आई," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

आईनं ऐकून घेतलं. पंगतीला बसली, पानातलं सगळं व्यवस्थित जेवली, हात धुतले. मग काकू व्याह्यांकडच्या बायकांबरोबर रुखवतापाशी उभ्या होत्या तिथं गेली. मी मागोमाग.

"वयनी," आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "पोरीचा सामान तुमी सांभाळून ठेवलात म्हन्तात."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्यामुलाची आई वळून बघायला लागली. पलीकडं ताई शालू नेसून उभी होती, तिचं लक्ष आमच्याकडंच होतं. आईनं एकदा ताईकडं पाहिलं आणि हातातला डबा कळशीशेजारी ठेवला.

"कळशी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोर नेत्ये मी."

हॉलच्या दाराशी सरांनी आम्हाला गाठलं. रेशमी सदरा, कपाळाला गंध, आणि आवाज सरावातला. "तिच्या अंगात गुण आहे हो. आज गेली तर जिल्ह्याचा संघ विसरा. परत दार उघडणार नाही." तोंड खोटं बोलतं हे त्यांनीच शिकवलेलं, म्हणून मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. पाय घट्ट रोवलेले होते. हे मात्र ते खरं बोलत होते.

मी आईच्या हातातून हात सोडवून घ्यायला पाहिलं. मला राहायचं होतं, कळशी गेली खड्ड्यात. आईनं सोडला नाही. रत्नागिरीच्या स्टँडवर मी भोकाड पसरलं, चिपळूणपर्यंत तिच्याशी बोलले नाही. तू माझा खेळ घालवलास, एवढंच एकदा ओरडले.

"ख्येळ काय कपाटात ठेवलाय त्येनी?" आई म्हणाली. "पाय तुजंच हायत ना?"

सर बोलल्याप्रमाणेच वागले. जिल्ह्याचा संघ मला त्या वर्षी मिळाला नाही आणि नंतरही नाही. थोरलीला मिळाला. ते अजून कुठंतरी सलतं, आणि आईचं चुकलं असं मात्र मी कधी म्हणू शकले नाही. ताईला त्या कळशीचं माहीत होतं का, हेही कोडं सुटलेलं नाही. नंतर ती एकदा बाजारात भेटली, माझी चौकशी केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या हंगामात मी शेजारच्या गावाकडून खेळायला लागले. दाभोळजवळच्या एका स्पर्धेत मला बक्षीस मिळालं, स्टीलची साधी पातेली, कळशीपुढं काहीच नाही. आई स्वतः आली होती. मैदानावरून ती मला घेऊन तडक भांड्यांच्या दुकानात गेली.

दुकानदारानं मशीन पुढं ओढलं आणि सवयीनं वडिलांचं नाव विचारलं. आईनं माझं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि आडनाव विचारलं.

"नुसतं नाव घाला," आई म्हणाली. "आडनावं बदलत्यात."

त्या पातेलीत मी अजून दूध तापवते.