भेडाघाटला उतरलेली सवाष्ण

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी एक अख्खं घर उपाशी ठेवलं होतं. ते घर माझी वाट बघत असताना मी बसच्या खिडकीच्या गजाला गाल लावून मजेत झोपले होते. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सांगणं सोपं जातं.

आज हे आठवायचं कारण माझी नात. परवा ती कॉलेजातून येताना सिटी बसमध्ये झोपली. आमचं कांचघर मागे राहिलं आणि ती पार पुढे जाऊन उतरली. घरी आली ती तोंड पाडून. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये नकाशा, तरी ही गत, म्हणून तिच्या आईनं तिची चांगली खरडपट्टी काढली. नातीला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती हिंदीत. माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आप तो कभी ऐसे नहीं सोई होंगी."

मला इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं.

लग्न होऊन मी अमरावतीकडच्या एका खेड्यातून जबलपूरला आले तेव्हा माहेरून दोन गोष्टी घेऊन आले होते. एक बी.ए.ची पदवी आणि दुसरी झोप. पदवी मी सगळ्यांना दाखवत असे. झोप आपोआप दिसे. आमच्या माहेरी सगळेच असे. माझे वडील सायकल हातात धरून उभ्या उभ्या झोपत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या अलीकडे मला डुलकी लागली होती, हे फक्त मामाला माहीत होतं, कारण त्यानंच मला कोपरानं ढोसलं.

तर ही बी.ए. झालेली शहाणी सासरी आल्यावर सहा महिन्यांत नोकरी करायची म्हणून हटून बसली. जबलपूरजवळच्या पाटणच्या एका शाळेत मास्तरीण हवी होती. त्यांनी बोलावलं होतं आणि महालक्ष्म्या उठल्या की होकार कळवायचा होता. पाटण म्हणजे रोजचं अपडाउन. आमच्याकडे रोज गावाला जाऊन परत येणाऱ्या नोकरदारांना अपडाउनवाले म्हणतात, आणि तोवर आमच्या घरातली एकही बाई अपडाउनवाली नव्हती. यांची हरकत नव्हती. म्हणजे हे फॅक्टरीतून येत, जेवत आणि हरकत घ्यायला जागे राहत नसत. हरकत होती सासूबाईंची.

"तुला कांचघरचा बाजार तरी एकटीनं येतो का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येतो. खरं तर दोनदा चुकले होते.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. महालक्ष्म्या आमच्याकडे नसत, शहरातच गढ्याला माझ्या आत्तेसासूबाईंकडे बसत. सासूबाई स्वयंपाकाला मदत म्हणून आदल्या दिवशीच तिकडे जाणार होत्या. मला त्या वर्षी सवाष्ण म्हणून अक्षत आली होती. नेहमी मला यांच्या सायकलवर मागे बसवून नेलं जाई. या वेळी, सासूबाई म्हणाल्या, "तू एकटी बसनं गढ्याला ये. वेळेवर आलीस तर पाटणचं बघू. नाही आलीस तर तो विषय काढायचा नाही."

मला वाटलं, एवढंच? गढा तर शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतही नाही. मी आरशासमोर उभं राहून पाटणच्या मुलांना हजेरी घेण्याची तालीमसुद्धा करून ठेवली.

महालक्ष्म्यांच्या सवाष्णीचं काय असतं, ते नव्या पिढीला सांगावं लागतं. जिला अक्षत दिली तिचं पान दुसरीला देता येत नाही. ती जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. ती स्वतःही तोवर उपाशी. आणि आत्याबाई तर अशा कडक की सवाष्ण पानावरून उठेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. विधवा बाई, पासष्टीच्या पुढे, आवाज ढोलासारखा. आमच्या सासूबाई जगात फक्त त्यांनाच घाबरत.

मी सकाळी न्हाऊन जरीचं लुगडं नेसले, नथ घातली, केसांत शेवंतीची वेणी माळली आणि भेडाघाटच्या बसमध्ये बसले. ती गढ्यावरून जायची. खिडकीची जागा मिळाली. मी कंडक्टरला सांगितलं, गढ्याला उतरायचंय. हे सांगून झाल्यावर जणू माझं काम संपलं. उपाशी पोट, पहाटेपासूनची धावपळ, भादव्याचं ऊन, खिडकीतून वारा. मी ठरवलं की डोळे नुसते मिटायचे, झोपायचं नाही. झोपणाऱ्या माणसानं केलेला हा जगातला सगळ्यात जुना ठराव असावा.

"ओ बहनजी. उतरिए. भेड़ाघाट."

बस रिकामी होती. लांबून धुवांधार धबधब्याचा आवाज येत होता. कंडक्टर म्हणाला की गढ्याला त्यानं दोनदा हाक मारली, पण एवढी नटलेली बाई मान टाकून बसलेली पाहून त्याला वाटलं, नर्मदामाईच्या दर्शनाला चालली असेल, आणि डोळे मिटून जप करत असेल. जप. माझ्या घोरण्याला इतका मान त्याआधी आणि त्यानंतर कधी मिळाला नाही.

परत बस कधी? संध्याकाळी. गाडीचं काहीतरी तुटलं होतं आणि ड्रायव्हर तिच्या खाली शिरला होता.

तेव्हा मोबाइल नव्हते. मी रस्त्याच्या कडेला नथ सावरत उभी राहिले. रडायला आलं, पण काजळ घातलं होतं म्हणून रडले नाही. डोळ्यांसमोर पाटणची शाळा येत नव्हती. आत्याबाईंचे कोरडे ओठ येत होते. म्हाताऱ्या माणसाला मी पाण्यावाचून बसवून ठेवलंय, हे मनात आलं आणि मी चालायला लागले. नव्या चपला आणि नऊवारी. दोन वळणं गेल्यावर चपला हातात आल्या.

तेवढ्यात मागून एक छोटा ट्रक आला. संगमरवराच्या मूर्ती घेऊन शहराकडे निघालेला. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले, हात आडवे करून. माहेरी म्हशी अशाच अडवत. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि खिडकीतून मान काढून काही बोलणार तोच त्याच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं, म्हणजे त्याच्या आईनं, माझा अवतार पाहून त्याला गप्प केलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की गढ्याला एक घर माझ्यामुळे उपाशी आहे. म्हातारीला सवाष्ण कळली नाही, उपास कळला. पुढे तिघांना जागा नव्हती.

"पीछे बैठ जाओ बेटा. नंदी को पकड़ के रखना, लुढ़कता है."

तर मी मागे. पेंढ्यात, देवांच्या मध्ये. दोन शिवलिंगं, एक हनुमान, आणि तो नंदी. मी नंदीच्या गळ्यात हात घालून बसले. रस्ता असा की नथ नाकातून निघून नंदीच्या नाकात जाईल असं वाटे. आणि खोटं कशाला बोलू, वारा लागताच पापण्या पुन्हा जड झाल्या. आता मात्र मी घाबरले. ट्रक गढ्यावरून निघून गेला तर मला बाजारात मूर्तींबरोबर उतरवतील. म्हणून मी मोठ्यानं पाढे म्हणायला सुरुवात केली. एकोणतीसचा झाला, मग पावकी, मग निमकी. वडिलांनी लहानपणी घोकून घेतलेलं सगळं. पुढच्या काचेतून म्हातारी वळून बघायची आणि हात जोडायची. तिला वाटलं मी स्तोत्र म्हणतेय.

पाढे म्हणता म्हणता डोक्यात दुसरंही चाललं होतं. दारात काय सांगायचं? बस पंक्चर झाली. हे छान होतं. बस काय, पंक्चर होतेच. त्यात माझा दोष नाही, पाटणही जात नाही. मी ते वाक्य हजेरीसारखं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. अगदी खरं वाटत होतं.

ट्रक आत्याबाईंच्या दारासमोर उभा राहिला. सगळे बाहेर आले. दुसरी सवाष्ण कधीची येऊन भुकेनं भिंतीला टेकली होती. हे फॅक्टरीतून सुटून माझ्या आधी पोचले होते. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. मी पेंढा झटकत उतरले, अंगभर पांढरी भुकटी, हातात चपला.

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आदल्या दिवशी महालक्ष्म्या घरात आणताना दारात विचारतात ना, कोण आली, कशाच्या पावलांनी आली, आणि आणणारीनं म्हणायचं, महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावलांनी आली. त्याच चालीवर आत्याबाईंनी विचारलं,

"कोण आली?"

"सवाष्ण आली," मी म्हटलं.

"कशानं आली?"

मागे ट्रक घुर्र घुर्र करत उभा. वरून नंदी बघतोय.

"ट्रकनं आली."

कोणीतरी फिसकन हसलं. आत्याबाई हसल्या नाहीत. एवढा वेळ कुठे होतीस, त्यांनी साध्या आवाजात विचारलं. ढोल त्या दिवशी बसला होता, पाणी नव्हतं ना पोटात. पंक्चर जिभेच्या टोकावर तयार होतं. पण त्यांच्या ओठांवर पापुद्रे आले होते, आणि त्या मला रागावायच्या ऐवजी माझ्या गालाकडे बघत होत्या. गालावर खिडकीच्या गजाचा वळ अजून गेला नव्हता, हे मला नंतर आरशात दिसलं.

"झोप लागली, आत्याबाई. भेडाघाटला जाऊन उतरले."

"झालं," सासूबाई मागून हळूच म्हणाल्या. "गेलं पाटण."

जेवण झालं. ते जेवण मी कधी विसरणार नाही, कारण मला चव कळली नाही. आंबील, सोळा भाज्या, पुरणपोळीवर तुपाची धार, आणि सगळं घर माझ्या प्रत्येक घासाकडे टक लावून. दुसरी सवाष्ण मात्र छान जेवली. मी पानावरून उठले, आत्याबाई फुलपात्र भरून पाणी प्यायल्या, मग आणखी एक. मग त्या पानावर बसल्या आणि सासूबाईंनी विषय काढला. त्या थांबणार नव्हत्याच.

"वन्सं, तुम्हीच सांगा आता. हिला गढ्याला उतरता येत नाही, अन् ही रोज पाटणला जातो म्हणून राहिली. काहून हा हट्ट?"

आत्याबाई पोळी मोडत राहिल्या. मग त्यांनी यांना विचारलं की पाटणची बस पाटणहून पुढे कुठे जाते.

"कुठंच नाही, आत्या," हे म्हणाले. "तिथूनच वळते."

"अच्छा," आत्याबाई म्हणाल्या आणि कढी मागितली. वाटीतली कढी संपवली. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि जे बोलल्या, त्यावर सासूबाईंनी पुन्हा कधी हा विषय काढला नाही.

मी पाटणला गेले. माझे केस पांढरे होऊन सरकारनं घरी बसवेपर्यंत जात राहिले. आधी त्या शाळेत, मग तिथल्याच सरकारी शाळेत. ड्रायव्हरच्या मागची खिडकी माझी. नवा अपडाउनवाला तिथे बसला तर बाकीचे त्याला उठवत, बहनजींच्या झोपेची जागा आहे म्हणून. रोज जाताना झोपले, रोज येताना झोपले, आणि शाळेत एक दिवसही उशिरा पोचले नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते. पाटणच्या बाजारात आजही वाटाण्याचा भाव करायला गेले की तराजूमागचा मिशाळ माणूस उठून उभा राहतो, आणि मी त्याला एकोणतीसचा पाढा विचारते. त्याला येतो. न येऊन जाईल कुठे? जो पाढा मी नंदीच्या गळ्यात पडून राखला, तो मी पाटणच्या एकाही पोराला विसरू दिला नाही.

आमच्या सासूबाई पुढे शेजारणींना सांगत, आमची सून सर्विसवाली आहे. एकदा तर माझ्या डब्याबरोबर त्यांनी पिशवीत एक छोटी उशी घातली.

नातीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती हसून लोळली, आणि मग तिनं विचारलं की त्या दिवशी आत्याबाई नेमकं बोलल्या काय. मी तिला म्हटलं, हे मात्र हिंदीत होणार नाही, नीट ऐक. कढीची वाटी खाली ठेवून त्या मला म्हणाल्या होत्या:

"जा तू पाटणला. जाताना बस पाटणला संपते, येताना जबलपूरला संपते, मधे पोटभर झोप, कोण काय म्हणते ते मी पाहून घेईन. फक्त पुढच्या महालक्ष्म्यांना माझ्याकडे बसनं येऊ नको बाई, ट्रकनंच ये."