टिकलीवरची नजर

चहाचा कप खाली ठेवूनच ऐका, नाईतर ठसका लागन. पंचावन्न वर्षांचा मी शिक्षक माणूस, आमच्या उंद्री गावात आजवर कोणी माह्याकडे बोट दाखवलं नाई. आन सोताच्या पोरीच्या सोयरिकीत असा घोटाळा करून बसलो की इचारू नका!

झालं असं, मले चक्कर येऊ लागली. मान वळवली की घर फिरे. बुलढाण्याचे कानाचे डॉक्टर म्हणाले, कानातला तोल बिघडला, गोळ्या कमी, व्यायाम जास्त. त्याईनं व्यायामवाल्या मॅडमकडे धाडलं. माह्या लेकीएवढी, प्राचीएवढी पोरगी! म्हणे, "काका, भिंतीवर डोळ्यांसमोर टिकली चिकटवा. नजर टिकलीवर रोखायची आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. एक मिनिट, दिवसातून तीनदा. थोडं गरगरेल, घाबरायचं नाही."

बायकोनं हॉलमधी टिकली लावली आन मी सुरू! पंधरा दिवसांत फरकही पडला बरं. पण मी पडलो शहाणा! मॅडमनं ठरल्या वेळी करा म्हणून सांगितलं होतं. मी चक्कर आली रे आली की टिकलीपुढे उभा. टिकली दिसली की फिरणं थांबते, असा माहा पक्का समज.

त्यातच प्राचीची सोयरीक निघाली. खरं म्हणजे पोरा-पोरीनं आधीच ठरवलं होतं, आपण फक्त 'हाव, चालते' म्हणायचं होतं. पोरगा वरवट बकालचा, आन त्याची माय म्हणजे कडक बाई. तिच्या मनात भरलं तरच जमणार. सकाळीच बायकोनं मले दम दिला, "चक्करचं नाव काढायचं नाई. घराण्यात बिमारी हाये म्हणतीन!" आन पाहुण्याईनं इचारू नये म्हणून भिंतीवरची टिकली खरडून फेकली. प्राची म्हणे, "बाबा, तुम्ही फक्त शांत बसा. हात जोडते."

बसलो की शांत! पाहुणे आले, पोहे झाले. तेवढ्यात पोराच्या बापानं बाजूनं हाक मारली, "मास्तर!" मी गर्रकन वळलो, आन झालं! पंखा, सोफा, पाहुणे, समदेच फिरून राह्यले. भिंतीकडे पाह्यलं, टिकली कुठी हाये? जीव घाबरा झाला. आन दिसली! लाल, ठसठशीत, रुपयाएवढी, अगदी डोळ्यासमोर.

होणाऱ्या विहीणबाईच्या कपाळावर!

नजर रोखली आन मुंडकं सुरू केलं.

बाई आधी हासल्या. मग त्याईनं पदर सावरला. मग सरकून नवऱ्याच्या मागे गेल्या. टिकली गेली तसा मीही उठून मागे गेलो!

"काय पाहून राह्यले भाऊ?" बाईनं इचारलं.

"हलू नका! एकच मिनिट!"

"अहो!" बायको किंचाळली.

पोराचा बाप ताडकन उभा. "मास्तर, माह्या बायकोकडे पाहून मुंडकं काऊन हलवून राह्यले? पसंत नाई का आम्ही?"

"तसं नाई हो! टिकली लय चांगली हाये!"

आता हे बोलायची काही गरज होती का? पण चक्कर आलेल्या माणसाले अक्कल कुठून येणार?

"चला हो," बाई उठल्या. "इथं थांबायचं नाई."

प्राची रडकुंडीले आली. "आई, सांग ना गं त्याईले!" बायको पोह्याच्या प्लेटा उचलाले लागली. शेवटी पोरगीच दारात आडवी झाली आन तिनं एका दमात समदं सांगून टाकलं. चक्कर, कान, मॅडम, टिकली, आन आईनं लपवलेलंही!

बाईनं मले खालून वर पाह्यलं. मग कपाळावरची टिकली काढली आन नवऱ्याच्या कपाळावर चिकटवली. "बसा तुम्ही मास्तरच्या समोर. हलू नका. त्याईचं उरलेलं होऊ द्या."

बसले बिचारे! एवढ्या मोठ्या मिशा, वर लाल टिकली. मी मुंडकं हलवून राह्यलो, ते श्वास रोखून बसलेले. बायको तोंडाले पदर लावून आत पळाली. मिनिट काही सरेना!

सरलं तसं मी घाबरत इचारलं, "मग आमच्या पोरीचं कसं?"

"पोरगी पसंत हाये आमाले," विहीणबाई म्हणाल्या. "बापावर नाई गेली, हे आज डोळ्यांनं पाह्यलं."