थोरल्याच्या चपला

माझ्या थोरल्या भावाचा पाय माझ्या पायापेक्षा एक नंबरानं मोठा होता. हे मला त्याच्या तेराव्याला कळलं. आमच्याकडं गेलेल्या माणसाचे कपडे, छत्री, चपला तेराव्याला देऊन टाकतात, घरात ठेवत नाहीत. बाकीचं सगळं आईनं दिलं. चपला तेवढ्या पदराखाली धरून ठेवल्या आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ओसरीवर माझ्या पायापुढं आणून ठेवल्या.

"घाल," म्हणाली. "नव्या हायत. सणाला घेतल्या होत्या त्यानं."

मी घातल्या. टाचेमागं बोटभर जागा उरली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. आतल्या दाराशी वहिनी उभी होती, ती मागं फिरून आत गेली.

त्या चपलांचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. साफ खोटं आहे. ओसरीवरच्या शेंबड्या पोरालाही तो कळला असता. थोरल्याच्या चपला धाकट्यानं घातल्या म्हणजे थोरल्याचं जे जे मागं राहिलं ते धाकट्यानं सांभाळायचं. रान सांभाळायचं, बैल सांभाळायचे, आणि वहिनीशी पाट लावायचा. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडं पाट म्हणतात. त्याला ना वाजंत्री, ना अक्षता. दोन्हीकडची चार माणसं बसतात, बाईला नवं लुगडं देतात, झालं.

भाऊ एकोणतीस वर्षांचा होता. ढोकीच्या साखर कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटली आणि तो खाली सापडला. वहिनी पंचविशीची, पोरगी अडीच वर्षांची. मी तेवीस वर्षांचा, जिल्ह्याच्या गावी खोली करून बी.एड. करत होतो आणि घरी आलो की पुस्तकी बोलून नाकानं कांदे सोलत होतो. वहिनी घरात आली तेव्हा मी बारावीला होतो. माझ्या डब्यातल्या भाकरीला तूप लावून देणारी ती, आणि माझी सगळ्यात जास्त थट्टा करणारीही तीच. माझे मोजे चिमटीत धरून म्हणायची, "भावजी, तुमची बायकू आली की म्या तिला पयलं हे दावनार. हे बघून नांदली, तर खरी." अशा बाईचा नवरा मला व्हायचं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, दर दोन दिवसांनी एकच वाक्य म्हणायचे, "घरची सून घरात, घरचं रान घरात." वाक्यात सून आधी यायची आणि रान मागून, पण मनात उलटं होतं. भावाच्या नावावर विहिरीलगतचं चार एकर रान करून दिलेलं होतं. वहिनी दुसरीकडं गेली किंवा तिनं वाटा मागितला, तर ते चार एकर जाणार. आबा दुष्ट होते असं नाही. नातीला खांद्यावर घेऊन फिरायचे, सुनेला उगाच कधी बोलले नाहीत. त्यांना सगळ्यांचं भलं व्हायला हवं होतं, फक्त कुणाला विचारायचं नव्हतं. हल्ली अशा पाटाची पेपरात बातमी येते. दिरानं दिला वहिनीला आधार, म्हणून हार घातलेला फोटो येतो. त्या फोटोत मी आधी बाईचं तोंड बघतो.

सहा महिने मी सुट्टीला गावी आलो की त्या चपला घालून हिंडलो. चालताना त्यांचा फटक फटक आवाज यायचा. मी आलो हे वहिनीला आत चुलीपाशी कळायचं, आणि ती माझ्यापुढं यायची बंद झाली. मोज्यांची थट्टाही बंद झाली.

मग बैठक ठरली. रविवारी मामा येणार, वहिनीचा भाऊ येणार, गावातली दोन वडीलधारी माणसं येणार आणि पाटाचा दिवस धरायचा. आदल्या दिवशी मी हरभऱ्याच्या रानात होतो. वहिनी भाजी खुडायला म्हणून आली आणि माझ्यापासून दोन सऱ्या सोडून बसली. वर न बघता बोलू लागली.

"भावजी, तुमाला ह्ये नको हाय. म्हाईत हाय मला."

मी हातातलं ढेकूळ फोडत राहिलो.

"मलाबी नको हाय. तुमाला म्या पोरासारखं जेवू घातलंय. पर म्या न्हाय म्हनलं तर उद्याच्याला माझी पेटी भाईर. म्हनतील, हिला घर नको, रान कशाला? तुमी न्हाय म्हना. दिरानंच न्हाय म्हनलं म्हंजी माझा दोष न्हाय. मग म्या चारचौघांत म्हनू शकते, मला माझ्या मानसाचा वाटा द्या, म्या हितंच ऱ्हाते, पोरीला वाढवते."

"बरं," मी म्हणालो.

तिनं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. मला ती ओळखत होती, त्यामुळं त्या 'बरं'ची किंमतही तिला कळली असावी.

"तोंडातनं सबूद न्हाय फुटला तर न्हाय फुटू द्या," ती म्हणाली. "बैठक उठली की त्येवढ्या चपला घालू नका. तशाच पायरीवर ठिवा आन् अनवानी जावा. समदे बघतील. बास हाय मला त्येवढं."

एवढंच मागितलं होतं. आजही हे लिहिताना मला माझी लाज वाटते. तिला माझ्याशी लग्न नको होतं, माझी दया नको होती. अंगणात वीस पावलं अनवाणी चालायची होती मला, आणि त्यावर तिचं घर उभं राहणार होतं.

रविवारी ओसरीवर सतरंजी टाकली. मामांनी सुपारी कातरत विषय काढला. आबांनी आपलं वाक्य म्हटलं. वहिनीचा भाऊ मान खाली घालून बसला होता. बहीण परत आपल्या दारात येऊ नये एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याच्या तोंडावर लिहिलेली होती. मग मामा माझ्याकडं वळले.

"बोल की लेका. तुजं काय म्हननं हाय?"

मी मूग गिळून बसलो. शब्द नव्हता असं नाही. एकच शब्द होता, दोन अक्षरी. पण आबा माझ्याकडं बघत होते, आणि आईनं दारामागं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, तोंडानं नको, चपला तेवढ्या ठेवून जाऊ. तेवढं तरी नक्की करू.

"गप बसला म्हंजी व्हयच," मामा हसून म्हणाले. सगळे उठले.

पायरीवर सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता. थोरल्याच्या चपला कडेला, नीट जोडीनं लावून ठेवलेल्या होत्या. वहिनी पोरीला कडेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, माझ्या पायांकडं बघत होती. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, जरा रानात जाऊन येऊ." आणि माझे पाय चपलांत गेले. रोजची सवय म्हणू की भीती म्हणू, दोन्ही खरं आहे. अंगण ओलांडेपर्यंत माझ्या कानात तो फटक फटक आवाज होता, आणि मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

दिवस धरला गेला. त्याच्या तीन दिवस आधी पहाटेच्या एस.टी.नं मी पुण्याला मित्राकडं पळालो. माझे कॉलेजचे बूट घालून गेलो. चपला पायरीवर राहिल्या. जे सगळ्यांसमोर करायचं होतं ते मी कुणी बघत नसताना केलं, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा लागला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आई म्हणाली, तिनंच कायतरी बोलून पोराला पिटाळलं. बैठकीत व्हय म्हणून गेलेला पोरगा असा पळेल कशाला? आधी एक पोरगा खाल्ला, आता दुसरा घालवला. वहिनी रानात काय बोलली होती हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कोण ऐकणार होतं? तिच्या भावाला बोलावून घेतलं. तालुक्याला, उमरग्याला नेऊन तिच्याकडून रानाचं हक्कसोड लिहून घेतलं, तिनं सही केली. ज्या घरात दोन वेळचं ताट समोर आपटलं जातं, तिथं वाटा मागून बाई राहणार कुठं? एक पेटी आणि पोरगी घेऊन ती मुरुमच्या पलीकडं माहेरी गेली. तिथं भावजयीनं तिला दोन वर्षं काढू दिली. मग ऐकलं की तुळजापुरात असते, काहीतरी काम करते.

दोन वर्षांनी माझं रीतसर लग्न झालं. आबांनी मला माफ केलं. पोरगा म्हटल्यावर माफ करतातच. सगळं रान माझ्या नावावर आलं, त्या चार एकरांसकट. बटईनं दिलंय. तुळजापूरची देवी आमची कुलदेवी, पण मी पंधरा वर्षं दर्शनाला गेलो नाही. सुट्टी मिळत नाही असं सांगायचो.

पुण्यात मी इतिहास शिकवतो. मागच्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयात जुन्या समाजांच्या चालीरीतींविषयी वाचत होतो, तर त्यात प्राचीन हिब्रू लोकांचा एक कायदा आला. भाऊ मुलगा न होता मेला तर त्याच्या विधवेशी दुसऱ्या भावानं लग्न करायचं आणि पहिला मुलगा मेलेल्याच्या नावानं वाढवायचा, म्हणजे त्याचं नाव पुसलं जाऊ नये. इथवर वाचून मी मनात म्हटलं, हे आमचे आबाच. पुढं होतं की दिराला ते नको असेल, तर विधवेनं गावच्या वेशीत वडीलधाऱ्यांकडं जायचं. त्यांनी दिराला बोलवायचं आणि विचारायचं. त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर नाही म्हणायचं. मग तिनं पुढं होऊन त्याच्या पायातली वहाण काढायची आणि त्याच्या तोंडावर थुंकायचं. त्यानंतर त्या घराला वहाण काढलेल्याचं घर म्हणायचे.

मी पुस्तक मिटलं आणि तास घ्यायला गेलो नाही. त्या लोकांनीही बाईला आधी विचारलं नव्हतं, त्यांचं कौतुक करावं असं काही नाही. पण नकार तिला दिसेल असा द्यावा लागत होता. आणि वहाण ती स्वतः काढत होती, दिरानं ती काढून ठेवायची वाट बघत दारात उभी राहत नव्हती.

या वर्षी मी तुळजापूरला गेलो. तोवर मामा गेले होते, आबा गेले होते, आईचं वर्षश्राद्धही झालं होतं. दोन गोष्टी बोलायचं ठरवून गेलो होतो. एक, त्या दिवशीचा नकार. दुसरी, ते चार एकर पोरीच्या नावावर करायचे. वाटेत एस.टी.त दोन्ही वाक्यं पाठ केली.

मंदिराच्या वाटेवर प्रसादाच्या दुकानांची रांग आहे. प्रसाद घेतला की तिथंच पायताण ठेवता येतं. विचारत विचारत गेलो, तर चौथ्या दुकानात वहिनी बसली होती. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. मी बूट काढून पुढं केले. तिनं ते घेतले, आत कोंबलेले मोजे दोन बोटांनी बाहेर काढले आणि माझ्या हातात दिले.

"हे तुमच्यापाशीच ठिवा, भावजी," म्हणाली. "अजून तसंच वास मारत्यात."

मी दर्शनाला गेलोच नाही. तिथंच उभा राहिलो, भर दुपारी, अनवाणी. पोरीचं विचारलं. ती नर्सिंगला आहे, फी भरताना नाकी नऊ येतात. मग मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी नाही म्हणायला पाहिजे होतं. चपला घालायला नको होत्या. तुमचं सगळं माझ्यामुळं गेलं."

तिनं एका गिऱ्हाईकाला हळदीकुंकवाची पुडी बांधून दिली. मग माझ्याकडं बघितलं.

"आता कुनापुढं म्हनता?" ती म्हणाली. "ज्येंनी ऐकायला पायजे हुतं ते समदे मेले."

दुसरं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. चार एकर, पोरीच्या नावानं. त्याला कुणी मेलेलं माणूस लागत नव्हतं, फक्त मी लागत होतो. ती ते ऐकायला थांबलीही असावी, कारण तिनं पुढच्या गिऱ्हाईकाला हातानं थांबवलं होतं. मग तिची नजर खाली माझ्या पायांकडं गेली. मी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होतो.

"फरशी तापलीया," म्हणत तिनं बूट माझ्या पुढ्यात सरकवले. "घाला."

आणि मी घातले.