नाखविणीचा डबा

नाखवीण नगरपालिकेत कधी रिकाम्या हातानं गेली नाही. एकेकाळी तिच्या नवऱ्याची स्वतःची होडी होती, म्हणून सारी आळी तिला नाखवीणच म्हणे. होडी गेली, पाठोपाठ नवराही गेला, नाव तेवढं राहिलं. नगरपालिका गरजू बायकांना दरमहा थोडी मदत देई आणि त्यासाठी फणसाचे तळलेले गरे, आंबापोळी करायला शिकवणाऱ्या वर्गात बसवी. महिन्याच्या सहीला जाताना नाखवीण कारकुनासाठी डबा न्यायची. कधी सुक्या कोलंबीचे सोडे, कधी घावणे. जुना कारकून इथलाच, तो हसून घ्यायचा.

मीही त्याच वर्गात होते. नवरा मिरजोळ्याच्या ज्या कारखान्यात होता, तो बंद पडला होता. आळीत मी भजनाला जाते म्हणून सांगे आणि तोंडाला ओढणी गुंडाळून मागच्या रस्त्यानं सटके. नाखवीण मात्र भर मच्छीबाजारात हाक मारायची, "चल गो, नगरपालिकेत शिकायला जायचं ना?" धरणीनं पोटात घ्यावं असं होई मला. ही बाई लाज कोळून प्यालीय, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मग त्याच्या जागी नवे साहेब आले. त्यांनी रांगेसमोरच डबा उघडायला लावला. सोड्यांचा वास सुटला तशा दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. लाच देता काय, उचला हे, नाहीतर नाव कापीन, असं साहेब म्हणाले. नियमानं त्यांचं बरोबरही असेल. नाखविणीनं डब्याचं झाकण लावलं, पण ते तिला धड लागेना.

पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "शेजारणीनं वाटीभर सार धाडलं तरी तिची वाटी आपण रिकामी पाठवतो का गो? मी तर पैसे घेतेय. हातात काय नसलं की मला वर बघवत नाय."

तिलाही लाज होती. माझ्यापेक्षा जास्तच होती, आणि मी तिला निर्लज्ज समजत होते.

ती पुन्हा वर्गाला आली नाही. मी तिच्या घरी जाऊन विनवलं, थोडेच दिवस राहिलेत म्हटलं. गैरहजेरी झाली, मदत थांबली, आणि ती बुरोंडीला बहिणीकडे मासळी निवडायला गेली.

मी आता गणपतीपुळ्याला स्टॉल चालवते. तळलेले गरे, आंबापोळी. कुठं शिकलात असं गिऱ्हाइकांनी विचारलं की मी म्हणते, आईकडे.

गेल्या महिन्यात बुरोंडीची एक बाई आली. गरे घेता घेता म्हणाली, "आमच्याकडची नाखवीण सारखी सांगायची, माझी मैत्रीण नगरपालिकेत शिकली, आता पुळ्याला तिचा धंदा आहे. त्या तुम्हीच काय?"

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"शिमग्यात गेली."

स्टॉलसमोर गिऱ्हाइकं उभी होती. "हो, मीच ती. नगरपालिकेच्या वर्गात शिकले," मी म्हटलं. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, तरी माझी कानशिलं तापलीच.