बाबांची टोपी आणि परदेशातलं चर्च

पेटीतून माकडटोपी काढली, की डांबरगोळ्यांच्या वासासोबत मला आमच्या सौंसरची थंडी नाही, अमेरिकेतलं एक चर्च आठवतं. तिथे माझ्या धाकट्या भावाची लेक गाणार होती आणि तेवढ्यासाठी बाबा ऐन संत्र्याच्या तोडीत बाग सोडून आले होते. बाहेर बर्फ, आत मेणबत्त्यांचा वास. दारातच बाबांनी सवयीनं जोडे काढले, डोक्यावरची पांढरी टोपी मात्र तशीच. "बाबा, उलटं करून राहिले तुम्ही," भाऊ कुजबुजला. "इथं जोडे पायात ठेवाचे अन् टोपी काढाची." "देवापुढं बोडक्यानं? जामसावळीच्या मारुतीपुढं तरी गेलो का कधी? मी बाहेरच बसतो, पोरीले सांग, जोरात गाय म्हना." आणि ते खरंच बर्फाकडे वळले. मी मात्र गुणी मुलासारखा माकडटोपी काढून टक्कल गार करत उभा. तेवढ्यात तिथल्या पाद्रीबाई आल्या. भावानं ओशाळून सगळं सांगितलं, तशा त्या हसल्या आणि खिडकीच्या रंगीत काचेतला सहा टोकांचा तारा दाखवू लागल्या. चर्च होण्याआधी हे ज्यू लोकांचं प्रार्थनाघर, सिनेगॉग होतं, आणि तेव्हा पुरुष इथे डोकं झाकूनच बसत. आजोबांनी टोपी खुशाल ठेवावी. भावानं हे मराठीत सांगताच बाबा माझ्याकडे वळले, "आयकलं का रे टकल्या? घाल टोपी!" पुतणी गायली तेव्हा पहिल्या बाकावर टोपीवाले आम्ही दोघंच, त्यातले एक अनवाणी. आजही हिवाळ्यात मला टोपी शोधायला उशीर झाला, की अंगणातून बाबांची हाक येते, "घाल लवकर, पोरगी गाऊन राहिली!"