हौद्यात अनवाणी

चपला खाली काढून चाचा ट्रकच्या हौद्यात चढायचे, मधोमध उभे राहायचे आणि डोळे मिटून ओरडायचे, "चालू कर रे!" इंजिन सुरू झालं की दोन मिनिटं जागचे हलायचे नाहीत. मग खाली उतरून ड्रायव्हरला झापायचे, "ही गाडी हाय का पिठाची गिरणी? न्हाई चालत. दुसरी आण."

उदगीरला वरातीची घोडी पाळणारे हे चाचा तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. मी तेव्हा लातूरच्या एका क्लासच्या ऑफिसात होतो. निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोराची घोडीवरून मिरवणूक काढायची, ही आमच्या सरांची हौस. उदगीरहून गाडीत घालून घोडी आणायचं काम माझं. दर वर्षी चाचा दोन-तीन ट्रक परत पाठवायचे आणि माझं डोकं फिरायचं. शेवटी मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला जुना ट्रक पसंत पडायचा, कारण त्याच्या तळाला जाड फळ्या होत्या. त्यातही ते वाळूची पोती टाकायला लावायचे. "रिकामी गाडी लई थरथरती, साब."

घोडी भूकंपात पडलेल्या गावातली. तिच्या आधीच्या मालकाचं घर पडलं, ती दावं तोडून वाचली. तेव्हापासून पायाखाली जरा हललं तरी ती उडी घ्यायची. "जमीन हलली की पळायचं, येवढंच तिला मालूम हाय," चाचा म्हणायचे. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा.

एका वर्षी आम्हाला हवा तेव्हा मोंढ्यातला ट्रक माल उतरवत होता. मी पत्र्याच्या तळाचा टेम्पो घेऊन गेलो. चाचा चढले, उतरले. "न्हाई. दुपारी ट्रक रिकामा हुतोय, थांबा."

"मिरवणूक पाचला आहे! तुमच्या तळपायांना विचारून पोरं पास झाली नाहीत," मी ओरडलो.

"हाव, पन घोडी माझ्या पायाला इचारूनच चढती," तेही तेवढ्याच जोरात ओरडले. शुक्रवार होता. "नमाज पढून येतो. तिला हात लावू नका," असं बजावून ते मशिदीकडे गेले.

मी हात लावला. टेम्पो बांधाला टेकवून गूळ दाखवला, घोडी निमूट चढली. "उगाच नाटकं करतात," असं म्हणत मी ड्रायव्हरला गाडी चालू करायला सांगितली. पत्रा थरथरला आणि घोडीने मागच्या फाळक्यावरून उडी घेतली. पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला. मला अजून स्वतःचा संताप येतो. सरांचाही येतो, कारण फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "दुसरी घोडी मिळेल का?"

चाचा परत आले, घोडीजवळ बसले. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि ती आता वाचायची नाही म्हणून सांगितलं. चाचांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठून माझ्याजवळ आले.

"बूट काढा, साब."

मी काढले.

"चढा."

मी टेम्पोत चढलो.

"चालू कर रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

पत्रा थरथरायला लागला. तळपायांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं हलत होतं, उडी मारून पळावंसं वाटत होतं. चाचांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं. मग पाठ फिरवून ते घोडीपाशी जाऊन बसले, आणि गाडी बंद कर न म्हणता मी हौद्यात मधोमध तसाच उभा राहिलो.